बळ आणि संयम : गॉर्डी हाऊ या हॉकीपटूची घडण

आपल्या ज्ञातिसभेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या क्रीडास्पर्धा होतात, तेव्हा दोन तऱ्हेच्या तक्रारी आमच्या कानी हटकून येतात. एक माता म्हणते, "गुरुजी, आमचा मुलगा फार मऊ आहे. कोणी ढकलले की बाजूला होतो. त्याचे पुढे कसे होणार?" तिच्या मागोमाग दुसरे पालक येतात व सांगतात, "आमचा मुलगा खेळता खेळता दुसऱ्याच्या अंगावर धावतो. त्यास आवर कसा घालावा?" दोघांसही आमच्याकडून एका वाक्यात उत्तर हवे असते. जन्मभर मुले शिकविण्यात घालवूनही ते एका वाक्यातील उत्तर आम्हांस सापडलेले नाही, हे येथे प्रांजलपणे सांगितले पाहिजे.

यंदा संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी क्रीडाविषयक लेखाची मागणी केली, तेव्हा उपदेशाऐवजी एक इतिहास सांगावा असे आमच्या मनाने घेतले. तो आपल्या देशातील नाही. कानडा देशातील एका गरीब मजुराच्या मुलाचा आहे. अंगाने थोराड, मनाने अतिशय लाजाळू आणि शाळेत मागे पडलेला हा मुलगा बर्फावरील हॉकीत आघाडीचा खेळाडू झाला, धसमुसळा झाला, त्यात वाहवत जाऊ लागला, आणि पुढे आपल्या बळास त्याने वळण लावले. त्याचे नाव गॉर्डी हाऊ. ज्या दोन तक्रारींचा वर उल्लेख केला, त्या दोन्ही या एकाच मुलाविषयी करता आल्या असत्या. म्हणून त्याची निवड केली आहे.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. आपण ज्यास हॉकी म्हणतो ती मैदानी हॉकी. तीत काठीचे कौशल्य हे सर्वस्व. प्रतिस्पर्ध्यास अंगाने ढकलणे हा अपराध. ध्यानचंद यांच्या खेळाची जी कीर्ती आजही सांगितली जाते ती याच कौशल्याची. कानडातील हॉकी बर्फावर, पायांत स्केट्स बांधून खेळतात. दर संघाचे गोलरक्षकासह सहा गडी एका वेळी उतरतात. चेंडूच्या ठिकाणी कठीण रबराची, सुमारे तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची चकती असते; तिला 'पक' म्हणतात. मैदानाभोवती लाकडी फळ्यांचा कठडा असतो, त्यामुळे पक बाहेर जाऊन खेळ थांबण्याचे प्रसंग थोडे. आणि कठड्याच्या कोपऱ्यांत पकसाठी जी झोंबाझोंबी चालते ती पाहून आपल्याकडील माणसास हुतुतूची आठवण व्हावी. ज्याच्याजवळ पक आहे त्यास खांद्याने किंवा अंगाने धक्का देणे या खेळात नियमास धरून आहे. कोपर मारणे, काठीने टोला देणे हे मात्र गुन्हे आहेत. साध्या गुन्ह्यास दोन मिनिटे व मुष्टियुद्धास पाच मिनिटे गड्यास बाहेर बाकावर बसवितात, आणि साध्या गुन्ह्याच्या वेळी तेवढा काळ त्याच्या संघास एक गडी कमी घेऊन झुंजावे लागते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. एकाच्या रागाची किंमत सगळ्या संघास मोजावी लागते.

गॉर्डी हाऊचा जन्म ३१ मार्च १९२८ रोजी सस्कॅचेवान प्रांतातील फ्लोरल या खेड्यात झाला. योगायोग असा की त्याच वर्षी मे महिन्यात भारताने अ‍ॅम्स्टरडॅम येथे मैदानी हॉकीचे आपले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. नऊ भावंडांत तो सहावा. तो अगदी तान्हा असतानाच कुटुंब जवळच्या सॅस्कटून शहरी राहावयास गेले. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने त्या गव्हाच्या प्रदेशाचे कंबरडे मोडले. मिळेल ते काम करणाऱ्या मजुरांच्या घरांत जी ओढग्रस्त असते ती या घरातही होती.

मंदीच्या त्या दिवसांतील एक हकीकत त्याच्या चरित्रांतून नेहमी सांगितली जाते. शेजारची एक नडलेली बाई जुन्या वस्तूंनी भरलेले पोते घेऊन दारी आली. गॉर्डीच्या आईने स्वतःच्या तुटपुंज्या पैशातून तिला थोडे पैसे देऊन ते पोते ठेवून घेतले. पोते जमिनीवर रिकामे केले, तेव्हा त्यातून स्केट्सचा एक जोड निघाला. एक गॉर्डीने उचलला, दुसरा त्याच्या बहिणीने. काही दिवस दोघे भावंडे एकेका पायात स्केट घालून घसरत होती. पुढे दोन्ही त्याच्याकडे आले. स्वतः नडलेली असताना दुसऱ्या नडलेल्या बाईस विन्मुख न पाठविणारी ती माउली होती. तिच्या त्या व्यवहारातून पुढे काय निघाले, हे पाहिले म्हणजे विस्मय वाटतो.

लहानपणी त्याच्या हाडांत चुन्याचा अंश कमी असल्याचे निघाले. पाठीस बळकटी यावी म्हणून दाराच्या चौकटीत आडवी दांडी बसवून तिला लोंबकळण्याचा व्यायाम त्यास सांगण्यात आला. तो त्याने नेमाने केला. थोडा मोठा झाल्यावर सुटीत वडिलांबरोबर बांधकामावर जाऊन तो सिमेंटची पोती वाहू लागला. पुढे ज्या खांद्यांचा आणि मनगटांचा धाक साऱ्या अमेरिकेतील हॉकीपटूंस वाटला, त्यांची तालीम ही अशी दाराच्या चौकटीत आणि सिमेंटच्या पोत्यांखाली झाली.

शाळेत मात्र त्याचे दैव उघडले नाही. तिसऱ्या इयत्तेत तो दोनदा नापास झाला. अंगाने मोठा, वयाने मोठा, आणि लहान मुलांच्या वर्गात बसलेला. अशा मुलास सोबती जी नावे ठेवतात ती त्यालाही ठेवीत. अक्षरे वाचताना मेंदूची गफलत होण्याचा जो दोष आज 'डिस्लेक्सिया' या नावाने ओळखला जातो, तो त्यास असावा असे पुढे चरित्रकारांनी म्हटले आहे. त्या काळी हे नाव शाळामास्तरांस ठाऊक नव्हते. तेव्हा मुलगा एक तर ढ ठरे, नाही तर उनाड. वर्गात मान खाली घालणारा हा मुलगा बर्फावर गेला की मात्र मान वर करून खेळे, आणि अंधार पडला तरी घरी परतत नसे.

१९४३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, न्यूयॉर्क रेंजर्स या संघाच्या विनिपेग येथील शिबिरास त्यास बोलावणे आले. व्यावसायिक खेळाडूंचे सर्व साहित्य अंगावर कसे चढवावयाचे हेही त्यास माहीत नव्हते. शेजारचा गडी काय करतो ते पाहून तो तसे करू लागला आणि इतरांच्या थट्टेचा विषय झाला. घराची आठवण त्यास राहू देईना. तो परत आला. पुढील वर्षी डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाने त्यास विंडसर येथील शिबिरात घेतले व करार करून ओंटारिओ प्रांतातील गॉल्ट या गावी ठेवले. पश्चिमेकडून आलेल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्याने तेथे वर्षभर त्यास सराव करावा लागला. सामने जवळजवळ मिळाले नाहीत. संघाने त्याच्या शिक्षणाचीही सोय केली होती. पहिल्या दिवशी तो शाळेपर्यंत गेला. पण तो अनोळखी मुलांचा घोळका पाहून आत पाऊल टाकण्याचा त्यास धीर झाला नाही. तो तेथूनच वळला, आणि एका धातूच्या कारखान्यात जाऊन कामावर लागला.

हा प्रसंग वाचताना आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. त्याचे कारण पुढे सांगू.

१९४५-४६ च्या मोसमात त्यास ओमाहा येथील दुय्यम संघात पाठविण्यात आले. तेथील मार्गदर्शक टॉमी आयव्हन हे होते. आरंभी या मुलास बराच वेळ बाकावर बसावे लागे. सांगतात की, एका सामन्यात आपल्या गड्यास मार बसत असलेला पाहून तो मध्ये पडला, आणि त्यानंतर त्यास नियमाने खेळविण्यात येऊ लागले. त्या मोसमात त्याने बावीस गोल केले. तथापि त्याबरोबर एक धडाही त्याच्या मनाने घेतला, तो असा की या जगात मुठीने जागा मिळते. अर्धे खरे असलेले धडे मुलांच्या मनात फार लवकर रुजतात, आणि उरलेले अर्धे शिकविण्यास पुढे वर्षे लागतात.

१६ ऑक्टोबर १९४६ रोजी, अठरा वर्षांचा असता, डेट्रॉइटच्या मुख्य संघातून तो पहिला सामना खेळला. प्रतिपक्ष टोरोंटोचा होता. पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला आणि पहिल्याच सामन्यात त्याचे दात पडले. हे जणू त्याच्या पुढील आयुष्याचे मंगलाचरणच होते.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. इतक्या लाजाळू मुलाने इतका आडदांड खेळ कां पत्करावा? त्याचे उत्तर त्या वेळच्या व्यवस्थेत आहे. १९४२ ते १९६७ या काळात राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये अवघे सहा संघ होते. म्हणजे साऱ्या कानडातील हजारो होतकरू मुलांसाठी वरच्या दर्जाच्या जागा फार तर शंभर-सव्वाशे. जागा गेली की बांधकामावर किंवा शेतावर परत. शिवाय संघ थोडे असल्याने तेच गडी पुन्हा पुन्हा समोर येत. हाऊच्या पहिल्या मोसमात साठ सामने होते, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी बारा. पुढे सत्तर झाले, म्हणजे चौदा. एखादा नवखा एकदा धक्क्यास भिऊन बाजूला झाला, तर ती बातमी महिनाभरात पाचही संघांस कळे आणि सारा हिवाळा त्यास पाठीवर धक्के खावे लागत. उलट एखाद्याने एकदा ताठपणे परतफेड केली, तर पुढच्या वेळी त्याच्याजवळ येणारा हातभर दूर थांबे. गोल करण्यास तो हातभर मोकळा अवकाश पुरेसा असतो. आघाडीच्या खेळाडूस जे डोळ्याने व काठीने करावयाचे असते त्यास एक क्षण हवा. तो क्षण अंगबळाने मिळवावा लागतो. या खेळातील धसमुसळेपणाचे खरे मर्म हे आहे.

परंतु साधन आणि साध्य यांची गल्लत होण्यास वेळ लागत नाही. पहिल्या मोसमात ५८ सामन्यांत हाऊचे गोल झाले सात, आणि बाहेर बसण्याची शिक्षा झाली ५२ मिनिटे. जो येईल त्याच्याशी तो भिडे. मोठमोठ्या नाणावलेल्या गड्यांवर त्याने मुठी चालविल्या. प्रेक्षक खूष होते. संघाचे व्यवस्थापक जॅक अ‍ॅडम्स हे स्वतः मोठे तापट गृहस्थ; पण त्यांनी या मुलास बाजूला घेऊन बजावले की, तुला मारामारी करता येते हे आता सर्वांस कळले आहे, आता हॉकी खेळता येते काय ते दाखव. आमच्या मते त्याच्या आयुष्यास लागलेले पहिले वळण हे होय. ज्या वडीलधाऱ्याने बळाचे कौतुक करावे त्यानेच योग्य वेळी त्याची हद्द दाखवून द्यावी लागते. आपल्या तालमींतील वस्तादही जोर काढून घेण्यापूर्वी पोरास हेच सांगत असे की, पहिलवानाने रस्त्यावर हात उचलावयाचा नसतो.

१९४७ साली आयव्हन डेट्रॉइटचे मार्गदर्शक झाले व त्यांनी हाऊस दोन अनुभवी सोबती दिले. मध्ये सिड एबल, डाव्या बगलेस टेड लिंडसे, उजव्या बगलेस हाऊ. मोटारींच्या कारखान्यांच्या त्या शहराने या त्रयीस 'प्रॉडक्शन लाइन' असे नाव दिले. हाऊचे गोल पुढील दोन मोसमांत सोळा व बारा झाले, दुसऱ्या वेळी गुडघ्याच्या दुखण्याने त्याचे बरेच सामने हुकले होते. आणि १९४९-५० मध्ये ते एकदम पस्तिसांवर गेले. त्या मोसमात लीगमधील गुणांच्या यादीत पहिला लिंडसे, दुसरा एबल आणि तिसरा हाऊ, असे तिघे ओळीने आले.

इतक्यात ते संकट ओढवले. २८ मार्च १९५० रोजी, स्टॅनले चषकाच्या उपान्त्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात, टोरोंटोचा कप्तान टेड केनेडी हा पक घेऊन कठड्याकडेने येत होता. त्यास अंगाने अडविण्यासाठी हाऊ वेगाने धावला. केनेडी निसटला, आणि हाऊ डोक्यावर कठड्यास आदळला. नाक मोडले, गालाचे हाड मोडले, कवटीस तडा गेला. मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी शस्त्रवैद्यांनी त्या रात्री कवटीस छिद्र पाडले. सॅस्कटूनहून आईस विमानाने आणण्यात आले. त्याची बावीस वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले होते. डेट्रॉइटच्या लोकांनी केनेडीवर दोष ठेवला. लीगच्या अध्यक्षांनी चौकशी करून त्यास निर्दोष ठरविले. हाऊ स्वतःच्याच धडकेने पडला होता.

तो वाचला. २३ एप्रिल रोजी डेट्रॉइटने अंतिम लढतीचा सातवा सामना जादा वेळेत जिंकून चषक मिळविला, तेव्हा लोकांच्या आग्रहास्तव दुखऱ्या डोक्याने तो बर्फावर आला, व साऱ्या प्रेक्षागृहाने उभे राहून त्याचे स्वागत केले. परंतु त्या आघाताची एक खूण कायम राहिली. त्याच्या पापण्या आपोआप फडफडत. सोबती थट्टेने त्यास 'ब्लिंकी' म्हणत.

बळाचा खेळ खेळणाऱ्यास बळाने काय होऊ शकते हे या वयात कळले, तर पुढे दोनच वाटा असतात. एक तर मनुष्य कचरतो, नाही तर अधिक बेफाम होतो. हाऊने तिसरी वाट धरली. पुढील मोसमात तो सत्तरही सामने खेळला, ४३ गोल केले, आणि ८६ गुण मिळवून साऱ्या लीगमध्ये पहिला आला. लागोपाठ चार वर्षे, १९५१ ते १९५४, तो सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला. अंगाने खेळणे त्याने सोडले नाही. ते खेळणे त्याने मोजूनमापून सुरू केले.

त्याच्या पद्धतीचे जाणकारांनी केलेले वर्णन असे : उंची सहा फूट, वजन सुमारे दोनशे पौंड. त्या काळच्या काठीचे पाते सरळ असल्यामुळे तो डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी खेळू व फटकावू शके. पक आपल्या शरीराच्या आड ठेवून, एका हाताने काठी धरून, दुसऱ्या हाताने तो प्रतिस्पर्ध्यास थोपवून धरी. कोपऱ्यातील झोंबाझोंबीत त्याचे कोपर नेमके जागी असे. कोणी आगळीक केली तर तो तत्काळ भडकत नसे. ती मनात ठेवी, आणि पुढे केव्हा तरी पंचाची नजर दुसरीकडे असता फेडून टाकी. हा शेवटचा गुण आम्ही मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवीत नाही, हे स्पष्ट सांगतो. कपटाने दिलेला टोला हा टोलाच. थंड डोक्याने दिला म्हणून तो धर्म्य होत नाही. परंतु खेळाचा इतिहास लिहिताना तो झाकून ठेवणे हेही सत्यास धरून होणार नाही.

१ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे लू फाँटिनाटो नावाच्या दांडगट बचावपटूशी त्याची जी मारामारी झाली ती विशेष गाजली. फाँटिनाटोच्या नाकाचा चक्काचूर झाला व त्याची छायाचित्रे 'लाइफ' साप्ताहिकाने छापली. त्यानंतर हाऊच्या वाटेस फारसे कोणी गेले नाही. आजही एका सामन्यात एक गोल, एका गोलास साहाय्य आणि एक मारामारी, असा तिहेरी योग झाला म्हणजे त्यास 'गॉर्डी हाऊ हॅटट्रिक' म्हणतात. मौज अशी की, लीगच्या सव्वीस मोसमांच्या नेहमीच्या सामन्यांत स्वतः हाऊच्या नावावर असे योग दोनच आहेत, आणि ते दोन्ही १९५३-५४ च्या एकाच मोसमातले. त्याचे एकूण सामने १७६७, गोल ८०१ आणि शिक्षेची मिनिटे १६८५. म्हणजे सरासरीने दर सामन्यास एक मिनिटही नाही. ज्याच्या नावाने मारामारी ओळखली जाते त्याचा हिशेब हा असा आहे. धाक हा एकदा मिळविला आणि जपून वापरला तर पुष्कळ काळ पुरतो. ऊठसूट खर्च केला तर लवकर संपतो.

१९६३ च्या १० नोव्हेंबर रोजी त्याने ५४५ वा गोल करून मॉन्ट्रियलच्या मॉरिस रिशारचा विक्रम मागे टाकला. चार वेळा स्टॅनले चषक आणि सहा वेळा लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यास मिळाला. १९७१ मध्ये निवृत्त होऊन दोन वर्षांनी तो परत आला व ह्यूस्टन येथील संघातून मार्टी व मार्क या आपल्या दोन मुलांसह खेळला. १९७९-८० मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हार्टफोर्ड संघातून ऐंशी सामने खेळून आणि पंधरा गोल करून त्याने काठी खाली ठेवली.

येथवरचा भाग यशाचा झाला. परंतु आपल्यासारख्या संघटनेच्या सभासदांनी ध्यानात घ्यावा असा एक भाग उरला आहे, आणि तो यशाचा नाही.

१९५७ साली त्याचा जोडीदार टेड लिंडसे याने इतर संघांतील खेळाडूंस बरोबर घेऊन खेळाडूंची संघटना उभारली. वेतन, निवृत्तिवेतन, जखमी झालेल्यांची तरतूद या साध्या मागण्या होत्या. मालकांस ते रुचले नाही. लिंडसे यास त्याच उन्हाळ्यात शिकागो येथील संघाकडे धाडून देण्यात आले. नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संघटनेतून अंग काढून घेतले. सर्वांत मोठे नाव हाऊचे. तो बोलला असता तर कदाचित निराळे घडते. तो बोलला नाही. स्वतःच्या वेतनाविषयीही तो वर्षानुवर्षे मालकांच्या शब्दावर विसंबून राहिला. अखेर १९६८ मध्ये एका सोबत्याने त्यास सांगितले की, तुझ्यापेक्षा अधिक वेतन घेणारे या संघातच आहेत. तेव्हा तो मागावयास गेला, आणि मागताच त्यास वर्षाला एक लाख डॉलर मिळाले. चाळीस वर्षांच्या त्या विक्रमवीराने त्याआधी मागितलेच नव्हते.

ज्याच्या खांद्याचा धक्का कोणी सहन करू शकत नसे, त्या माणसाची जीभ कचेरीच्या दाराशी अडखळत होती. गॉल्टच्या शाळेपाशी वळलेला तो मुलगा त्याच्या आत अजून तसाच उभा होता असे आम्हांस वाटते. बर्फावर त्यास कोणी जागा नाकारू शकत नव्हते. परंतु कागद, करार, शब्द हे सारे ज्या जगातले, त्या जगात आपणास जागा नाही असे त्यास तिसऱ्या इयत्तेत शिकविण्यात आले होते, आणि तो धडा तो विसरला नाही.

आता आमच्याविषयी एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आम्ही एका गावी चौथीच्या वर्गास शिकवीत असता आमच्या वर्गात असाच एक मुलगा होता. वयाने व अंगाने मोठा, अक्षरांशी कायमचे वैर. वाचावयास उभे केले की घाम पुसत बसे. मुले हसत, आम्ही त्यांस गप्प करीत असू, पण खरे सांगावयाचे तर फार मनापासून नाही. एके दिवशी हसणाऱ्या मुलास त्याने मधल्या सुटीत बेदम मारले. आम्ही त्यास छड्या मारल्या आणि आठवडाभर वर्गाबाहेर उभे केले. त्याच्या हातांत एवढे बळ आहे तर ते लेझमीस, कुस्तीस लावावे, हे आमच्या ध्यानात आले नाही. तो कां मारतो, हे तर आम्ही विचारलेच नाही. आठवडा संपला, पण मुलगा वर्गात परतला नाही.

पुष्कळ वर्षांनी तालुक्याच्या बाजारपेठेत तो आम्हांस भेटला. पाठीवरचे पोते खाली ठेवून त्याने वाकून नमस्कार केला. मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढून म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचून दाखवता का? मुकादम म्हणतो एक, देतो एक." तो हमालीच्या हिशेबाचा कागद होता. आम्ही वाचून दाखविला. त्यास खरोखरच कमी दिले होते. तो काही बोलला नाही. कागद परत घडी करून खिशात घातला आणि पोते उचलले. मुकादमाशी भांडण्याइतके बळ त्याच्या अंगात नव्हते असे कोण म्हणेल? बळ होते. शब्द नव्हते, आणि ते देण्याचे काम आमचे होते.

म्हणून आरंभीच्या दोन्ही पालकांस आमचे सांगणे असे. ज्यांचा मुलगा मऊ आहे त्यांनी त्यास अवश्य मैदानावर पाठवावे. धक्का लागला तर उभे कसे राहावयाचे हे त्यास शिकू द्यावे. नियमात बसणारे बळ वापरण्यात पाप नाही, आणि जो आपली जागा सोडतो त्यास ती पुन्हा कोणी आणून देत नाही. ज्यांचा मुलगा अंगावर धावतो त्यांनी त्यास मारण्यापूर्वी तो कोठे हरला आहे ते शोधावे. बहुधा मैदानावर नसेल. वर्गात असेल, घरात असेल, सोबत्यांच्या हसण्यात असेल. त्याचे बळ कोणाच्या तरी हाती सोपवा. पण असा हात शोधा की जो कौतुकही करील आणि योग्य वेळी "आता खेळ दाखव" असेही म्हणेल.

आपल्या सभेपुढे आमची एक नम्र सूचना आहे. आपण दरवर्षी परीक्षेत वरचे क्रमांक मिळविणाऱ्या मुलांचा गौरव करतो. तो चालू राहावा. त्याबरोबर जी मुले वाचनात मागे पडतात त्यांची तपासणी व शिकवणी यांसाठी विद्यार्थी साहाय्य निधीतून काही रक्कम राखून ठेवावी. आज या दोषाचे नाव माहीत आहे, त्यावरील अध्यापनाच्या पद्धती माहीत आहेत. आमच्या वेळचे अज्ञानाचे निमित्त आता कोणास सांगता येणार नाही. निवृत्तीनंतरचा आमचा वेळ या कामी देण्यास आम्ही तयार आहो.

गॉर्डी हाऊ १० जून २०१६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी निवर्तला. कानडातील विंडसर आणि अमेरिकेतील डेट्रॉइट या दोन शहरांमधील नदीवरील नव्या पुलास त्याचे नाव देण्याचे २०१५ मध्येच जाहीर झाले होते. जो मुलगा शाळेचा उंबरठा ओलांडू शकला नाही, त्याच्या नावाचा पूल आज दोन देशांमध्ये आहे. आपल्या ज्ञातीतील कोणत्याही मुलास अशा उंबरठ्यावरून परत फिरावे लागू नये, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस प्रार्थना आहे.